असाध्याची शुश्रूषा : वार्धक्य आणि वैद्यकाचे शिक्षण

वार्धक्य हा रोग मानावा की आयुष्याचा स्वाभाविक टप्पा, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकीय व्याख्येपुरता वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर वैद्याचे कर्तव्य ठरत असल्यामुळे तो मुळात नीतीचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. जरा हा रोग असेल तर ती हटवण्यासाठी वैद्याने झटले पाहिजे, आणि ती स्वभाव असेल तर त्या खटाटोपाला अर्थ उरत नाही; मग चार-पाच व्याधी वर्षानुवर्षे अंगावर वागवणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या माणसाच्या खाटेशी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला उभे करून त्याला नेमके काय शिकवायचे? २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या भारतीयांची संख्या दहा कोटींच्या वर होती आणि ती वाढतच आहे, म्हणून हा विषय अभ्यासक्रमात हवा, असे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण संख्या मोठी असणे हे निकड सिद्ध करते, कर्तव्याचा पाया सिद्ध करत नाही. उद्या वृद्ध मोजकेच असते, तरी वैद्य त्यांचे काही देणे लागला असता की नाही, याचे उत्तर आकड्यांत सापडत नाही.

आयुर्वेदाने या प्रश्नाला फार लवकर हात घातला. चरकसंहितेत वयाचे तीन भाग केले असून साठीनंतरचा काळ जीर्णावस्थेचा मानला आहे, आणि शारीरस्थानात काळाच्या परिणामाने येणारी जरा व मृत्यू यांना स्वाभाविक म्हणून, स्वभावावर उपाय चालत नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. तरीही वाग्भटाने आयुर्वेदाची जी आठ अंगे सांगितली, त्यांत शल्य आणि बालचिकित्सा यांच्या जोडीला जरेचे अंग स्वतंत्रपणे आले. म्हणजे जिच्यावर उपाय नाही असे म्हटले, तिच्यासाठीच एक शाखा राखून ठेवली. ही विसंगती वाटते, पण सुश्रुताने केलेला एक भेद लक्षात घेतला की ती बरीचशी सुटते. भूक, तहान, झोप, जरा आणि मृत्यू या स्वाभाविक व्याधींचे त्याने दोन प्रकार केले : शरीराची नीट राखण करूनही आपल्या वेळी येतात त्या कालकृत, आणि राखण न केल्यामुळे अवेळी ओढवतात त्या अकालकृत. याचा अर्थ असा की म्हातारपण म्हणून जे दिसते त्यातला काही भाग काळाचा असतो आणि काही भाग हेळसांडीचा, आणि कोणता भाग कोणाचा हे वय ऐकून ठरत नाही, रोगी तपासून ठरवावे लागते. वृद्धांच्या वैद्यकाचे सगळे शिक्षण या एका भेदात बीजरूपाने आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण त्याच परंपरेत दुसरा एक धागाही आहे आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आचार्य अग्नीच्या साक्षीने शिष्याला जो उपदेश करतो, त्यात रोग्याच्या हितासाठी सर्वस्वाने झटावे अशी आज्ञा आहे, तशीच ज्यांचा मृत्यू अगदी समीप आला आहे त्यांना औषध देऊ नये अशीही आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या वैद्यकविद्येवरील ग्रीक ग्रंथातही, रोगाने पुरते ग्रासलेल्यांवर उपचार करण्यास नकार देणे हे वैद्यकाचे एक लक्षण सांगितले आहे. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने चरकाच्या नावाची शपथ विद्यार्थ्यांना देण्याची शिफारस केली, तेव्हा शपथ ग्रीक असावी की भारतीय यावर बराच वाद झाला. त्या वादात ही गोष्ट मागे पडली की असाध्य रोग्यापासून दूर राहण्याची मुभा दोन्ही परंपरांनी आपापल्या वैद्यांना दिली होती. या मुभेमागे केवळ अपयशाची धास्ती होती असे नाही. खोटी आशा दाखवून रोग्याला आणि त्याच्या घराला खर्चात व यातनांत लोटू नये, हा विवेकही तिच्यात होता, आणि अतिदक्षता विभागाच्या आजच्या काळात तो विवेक अधिकच हवा आहे. दोष वेगळ्या ठिकाणी आहे. साध्य आणि असाध्य या दोन टोकांमध्ये आयुर्वेदाने ‘याप्य’ नावाचा तिसरा वर्ग मानला होता : जो रोग मुळापासून जात नाही, पण उपचार चालू आहेत तोवर रोग्याला सावरून धरता येते, तो याप्य. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा सुश्रुताने त्यासाठी दिली आहे. वृद्धाचे बहुतेक आजार याच वर्गातले असतात. मधुमेह, गुडघ्यांची झीज, मंदावलेले हृदय, उतरणीला लागलेली स्मृती, यांपैकी काहीच बरे होत नाही आणि काहीच उद्या मारत नाही. वैद्यकाचे शिक्षण मात्र रोगमुक्ती आणि मृत्यू यांच्याभोवती रचले गेले आणि या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात कसे वागावे हे शिकवायचे राहून गेले.

आधुनिक वैद्यकात या प्रदेशाला नाव मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. व्हिएन्नात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करणारे इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये ‘जेरियाट्रिक्स’ ही संज्ञा घडवली. मराठीत तिला जराचिकित्सा किंवा वार्धक्यवैद्यक म्हणतात. परंतु नावाला आशय दिला तो लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातील डॉ. मार्जरी वॉरेन यांनी. १९३५ मध्ये त्या रुग्णालयाकडे शेजारच्या निर्धनगृहाचा रुग्णविभाग आला आणि सातशेहून अधिक रोग्यांची जबाबदारी वॉरेन यांच्यावर पडली. ‘जुनाट, अंथरुणाला खिळलेले’ एवढ्याच शिक्क्याखाली हे लोक वर्षानुवर्षे तिथे पडून होते आणि पुष्कळांच्या आजाराचे निदान कधी झालेच नव्हते. वॉरेन यांनी प्रत्येकाला नव्याने तपासले, त्यांची वर्गवारी केली, पलंगांची रचना बदलली, भिंतींना उजळ रंग दिला, व्यायाम आणि चालण्याचा सराव सुरू केला, आणि असाध्य मानलेल्यांपैकी अनेकजण उठून चालू लागले, काही घरीही गेले. त्यांच्या या कामातून ब्रिटनमध्ये एक स्वतंत्र वैद्यकशाखा उभी राहिली. पुढे बर्नार्ड आयझॅक्स यांनी अचलता, तोल जाणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे आणि बुद्धिमांद्य यांना वार्धक्याचे चार महाकाय शत्रू मानून, या चारही गोष्टी निदाने नसून निदानाची सुरुवात आहेत, हे शाखेच्या अध्यापनाचे मुख्य सूत्र बनवले. भारतात मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये १९९६ साली या विषयातील एम.डी.चा अभ्यासक्रम सुरू झाला आणि २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला. वॉरेन यांच्या कामाचे तात्त्विक मोल असे की ज्याला सगळेजण कालकृत समजत होते त्यातले पुष्कळसे अकालकृत आहे, हे त्यांनी औषधाच्या शोधाशिवाय, केवळ तपासणी आणि श्रम यांच्या बळावर दाखवून दिले. ‘असाध्य’ हा निर्णय रोगाविषयीचा आहे असे मानले जाते, पण कितीतरी वेळा तो पाहणाऱ्याच्या कंटाळ्याविषयीचा असतो.

आपल्याकडे या कंटाळ्याचे रूप ‘वय झालं आता’ या तीन शब्दांत सापडते. मुलगा ते म्हणतो, शेजारी म्हणतात, स्वतः वृद्धही म्हणतो. आणि डॉक्टरही तेच म्हणाला की तपासणी तिथेच थांबते. एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या महिला कक्षात, पडल्यामुळे दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या बाईंच्या उशाची प्लॅस्टिकची पिशवी विद्यार्थ्याने खाटेवर उपडी केली, तर हे तीन शब्द किती महाग पडतात ते त्याला अर्ध्या तासात कळते. पिशवीत गोळ्यांच्या कातरून घेतलेल्या पट्ट्या असतात आणि कातरताना नाव असलेला भाग औषधाच्या दुकानातच राहिलेला असतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन पट्ट्यांत एकच औषध निघते, कारण तालुक्याच्या डॉक्टरने दिलेले शहरातल्या डॉक्टरला ठाऊक नव्हते. त्यातून जी साखळी उलगडते ती पाठ्यपुस्तकात असते तशीच असते : रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाले, त्याने घोट्यांवर सूज आली, सूज हा नवा आजार समजून लघवी वाढवणारी गोळी दिली गेली, त्या गोळीने रात्री तीन-चार वेळा उठावे लागू लागले, झोपमोड होते म्हणून झोपेची गोळी आली, आणि मध्यरात्री अर्धवट गुंगीत, अंधारात न्हाणीघराकडे जाताना बाई पडल्या. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध देत जाण्याच्या या प्रकाराला औषधसाखळी म्हणता येईल, आणि तिची पहिली कडी शोधून ती काढून टाकणे हा नवे औषध लिहिण्याहून अवघड उपचार आहे. याच बाई दुसऱ्या दिवशी ‘गप्प गप्प आहेत, त्रास देत नाहीत’ अशा अवस्थेत दिसल्या, तर ती शांतता नसून भ्रम, म्हणजे शरीरातील संसर्गाने, क्षारांच्या बिघाडाने किंवा औषधाने मेंदूला आलेली तात्पुरती ग्लानी असू शकते, हे विद्यार्थ्याला ठाऊक असावे लागते. वृद्धांतला भ्रम आरडाओरडा करतोच असे नाही, आणि गप्प राहणारा भ्रम सर्वाधिक वेळा नजरेतून सुटतो. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला त्यांना किती सेकंद लागतात, घरचे न्हाणीघर किती पावलांवर आहे, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला, स्वयंपाक कोण करते, दात नसताना भाकरी कशी खातात, या प्रश्नांना सर्वंकष वार्धक्य मूल्यमापन असे भारदस्त नाव आहे. त्यातला एकही प्रश्न क्षुल्लक नाही, आणि त्यातल्या बहुतेकांचे उत्तर कोणत्याही यंत्रातून मिळत नाही.

असे प्रश्न विचारण्याइतके लक्ष विशीतल्या मुलामुलींच्या ठायी कोठून यावे, हा पुढचा प्रश्न आहे, आणि मराठी वाचकाला त्याचे एक अनपेक्षित उत्तर ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात भेटते. जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहत राहणे हे गीतेने ज्ञानाचे एक लक्षण सांगितले आहे. त्याचे विवरण करताना ज्ञानदेवांनी जरेचे जे वर्णन केले, त्याच्याइतके बारीक आणि निष्ठुर वर्णन जुन्या मराठीत क्वचितच असेल. आजचे भरलेले अंग वाळल्या काचरीसारखे होईल, कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे पिकल्या पडवळासारखे होतील, अशा प्रतिमांतून ज्ञानी पुरुष भर तारुण्यात आपले म्हातारपण पाहतो, असे तिथे दाखवले आहे. परंपरेनुसार हा ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात पूर्ण झाला तेव्हा ज्ञानदेव विशीचेही नव्हते. ज्या वयात वैद्यकाचा विद्यार्थी महाविद्यालयात पाऊल टाकतो, त्याच वयाच्या एका तरुणाने स्वतः न भोगलेल्या अवस्थेत इतक्या खोलवर प्रवेश केला, ही गोष्ट वार्धक्य शिकवता येते की नाही या वादात मोठी साक्ष ठरावी. अलीकडे काही देशांतील वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर धूसर चष्मे चढवून, कानांत बोळे घालून, बुटांत मक्याचे दाणे टाकून त्यांना औषधाची बाटली उघडायला किंवा अर्ज भरायला लावतात. अमेरिकेतील मेन राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंड येथे तर विद्यार्थी सुमारे दोन आठवडे वृद्धनिवासात निदानासह रोगी होऊन राहतात आणि दुसऱ्याच्या हाताने जेवतात. ज्ञानदेवांनी जे कल्पनेने साधले ते इथे उपकरणांनी साधण्याचा यत्न आहे.

मात्र दोहोंच्या दिशा वेगळ्या आहेत. ज्ञानेश्वरीतील ज्ञानी स्वतःची जरा पाहतो ती देहावरील आसक्ती सुटावी म्हणून. विद्यार्थ्याने दुसऱ्याची जरा पाहायची ती त्या देहाची काळजी घेता यावी म्हणून. सीमोन द बोव्हार यांनी १९७०च्या आपल्या वार्धक्यविषयक ग्रंथात दाखवून दिले की माणसाला स्वतःचे म्हातारपण आतून जाणवत नाही, ते इतरांच्या नजरेतून त्याच्यावर येते. हे खरे मानले, तर तरुण डॉक्टरची नजर ही केवळ निरीक्षक राहत नाही. समोरच्याला म्हातारे करण्यात तिचाही वाटा असतो. दोषदर्शन शिकवून थांबलेले शिक्षण म्हणूनच धोक्याचे आहे. धूसर चष्मा काढल्यावर ‘सुटलो’ असे वाटून विद्यार्थी निघून गेला, तर त्याने किळस आणि कीव यांचाच सराव केला असे होईल. जे पाहिले ते आपलेही आहे आणि तरीही समोर बसलेला माणूस त्या पाहिलेल्याहून पुष्कळ मोठा आहे, ही दोन वाक्ये एकत्र धरता येणे अवघड आहे, आणि ते एकट्याने होत नाही. त्यासाठी अनुभवानंतर बसून बोलणारा शिक्षक लागतो.

पाहणे साधले तरी करण्याचे कारण उरते. महाराष्ट्रात वृद्धसेवेचा विचार पुंडलिकावाचून सुरू होत नाही. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुत्रासाठी साक्षात देव विटेवर तिष्ठत उभा राहिला, ही कथा ज्या प्रदेशाच्या भक्तीचे केंद्र आहे तिथे वृद्धाची शुश्रूषा पूजेहून कमी लेखली जाणार नाही, असे वाटणे साहजिक आहे. शासनानेही निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला श्रावणबाळाचे नाव दिले आहे. या कथांच्या मागे ऋणाची कल्पना आहे : ज्यांनी जन्म दिला आणि वाढवले त्यांचे देणे सेवेने फेडायचे. रुग्णालयात विद्यार्थी कोणाही वृद्धेला ‘आजी’ म्हणून हाक मारतो तेव्हा तो नकळत याच नात्याचा आधार घेतो, आणि त्या हाकेत खरी ऊब असते. परंतु तोच विद्यार्थी पुढच्या क्षणी आजींना वगळून त्यांच्या मुलाला विचारतो, ‘त्यांना काय होतंय?’ नात्याची भाषा आली की निर्णयही नातलगांकडे जातो, हा तिचा पहिला दोष. दुसरा अधिक गंभीर आहे. ऋणाचा न्याय लावला तर ज्याला मूलबाळ नाही, ज्याने मुलांना वाढवले नाही, किंवा ज्याने त्यांचा छळच केला, त्याचे कोणी काही लागत नाही. मुलांनी आईवडिलांचा सांभाळ करावा म्हणून २००७ मध्ये कायदा करावा लागला, यावरून ऋणाची कल्पना घरातसुद्धा किती पुरी पडते याचा अंदाज येतो. अनोळखी रोग्यापुढे उभ्या असलेल्या डॉक्टरला तर ती मुळीच पुरत नाही. डॉक्टर पुंडलिक नव्हे. त्याच्या कर्तव्याचा पाया दुसरीकडे शोधला पाहिजे.

तो पाया बौद्ध विनयपिटकाच्या महावग्गातील एका प्रसंगात अधिक स्पष्टपणे हाती लागतो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना आढळला, आणि इतर भिक्षू शुश्रूषा का करत नाहीत असे विचारल्यावर त्याने सांगितले की आपण त्यांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. त्यानंतर भिक्षूंना जे सांगितले त्याचा आशय असा की तुम्हाला शुश्रूषा करायला इथे आईवडील नाहीत. तुम्ही एकमेकांची केली नाही तर कोण करणार? या प्रसंगात उपयुक्ततेचा न्याय उघडपणे नाकारला आहे आणि ऋणाचा न्याय आपोआप बाजूला पडला आहे, कारण घर सोडलेल्यांच्या समूहात कोणी कोणाचे पूर्वीचे काही लागत नाही. उरते ते एवढेच की हा माणूस इथे आहे, असहाय आहे, आणि आपण जवळ आहोत. रुग्णालय हा असाच परक्यांचा संघ आहे. तिथल्या वृद्धाचा हक्क त्याच्या मुलांच्या कृतज्ञतेवर किंवा त्याच्या पूर्वीच्या कर्तबगारीवर उभा नसतो. ‘यांनी देशासाठी एवढे केले, आता आपण त्यांच्यासाठी करू’ हे वाक्य कितीही सद्भावनेने उच्चारलेले असले, तरी ते उपयुक्ततेचाच हिशेब मागील तारखेने मांडत असते.

असहायतेवर उभ्या राहिलेल्या कर्तव्याला एक लगामही हवा. समोरचा असहाय आहे म्हणून त्याच्यासाठी सर्व काही आपणच ठरवावे, असा मोह करुणेला फार पटकन होतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात हृदयविकाराच्या झटक्यानंतर सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. औषधाला दिलेल्या अशा नकारापुढे डॉक्टरची विद्या थबकते. मात्र विनोबांचा नकार साऱ्या देशाने ऐकला, कारण तो विनोबांचा होता. तोच नकार एखाद्या निरक्षर शेतकरी वृद्धाने खाटेवरून दिला, तर त्याला चिडचिड, नैराश्य किंवा ‘म्हातारचळ’ यांपैकी कोणते तरी नाव मिळते. कधी ते नाव बरोबरही असते, आणि इथेच शिक्षणाची कसोटी आहे : बरा होण्याजोग्या नैराश्यातून आलेला नकार आणि जगून तृप्त झालेल्या माणसाचा नकार यांत भेद करण्यासाठी भरपूर वेळ, अनेक बैठका आणि कान लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय निर्देशांना वैधता दिली आणि २०२३ मध्ये त्यांची प्रक्रिया सोपी केली. तरीही असा निर्देश लिहिण्याविषयीचे संभाषण कसे सुरू करावे, मुलगा दारात उभा राहून ‘त्यांना काही सांगू नका’ अशी खूण करत असताना कसे बोलावे, हे निकालपत्रात लिहिलेले नसते. वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या शांती अवेदना सदनासारख्या संस्थांत हे ज्ञान साठत आले आहे. ते कर्करोगाच्या अखेरच्या रोग्यांपुरते ठेवून वृद्धांच्या सर्वसाधारण कक्षांना त्यापासून वंचित ठेवणे हे मोठे नुकसान आहे.

आता अभ्यासक्रमात काय आहे ते पाहावे. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात वृद्धांच्या वैद्यकाला सामान्य वैद्यकाच्या अंतर्गत स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे, वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा घटक आला आहे, आणि पुढे गावातील काही कुटुंबे प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून दत्तक घेण्याची योजनाही जोडली गेली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत गावाशी विद्यार्थ्यांचे नाते जोडण्याची प्रथा कितीतरी आधीपासून आहे. या सर्वांत सर्वाधिक शक्यता कुटुंब दत्तक योजनेत दिसते, कारण वार्धक्य ही एका भेटीत दिसणारी गोष्ट नाही. अठराव्या वर्षी भेटलेले आजोबा विद्यार्थी बावीस-तेविसाव्या वर्षी डॉक्टर होईतो काठीवर आलेले असतात, त्यांची पत्नी गेलेली असते, अंगणातली खाट पडवीत आलेली असते; हा बदल डोळ्यांदेखत झाला तर कालकृत काय आणि अकालकृत काय याची समज कोणत्याही व्याख्यानापेक्षा खोल रुजते. योजना रक्तदाबाच्या नोंदी भरण्यात आटोपली तर मात्र ती संधी हातची जाईल.

शिकवलेले काय टिकते हे अखेर परीक्षा ठरवते. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी विद्यार्थी आणि शिक्षक ज्याला ‘चांगली केस’ म्हणतात तो रोगी बहुधा एका अवयवाचा, ठळक लक्षणांचा, नीट हकिगत सांगणारा असतो : हृदयाच्या झडपेचा विकार, वाढलेली प्लीहा. ज्याला ऐकू कमी येते, जो हकिगत उलटसुलट सांगतो, ज्याला सहा आजार आणि अकरा गोळ्या आहेत असा वृद्ध परीक्षेच्या यादीतून गळतो. आणि जो परीक्षेत येत नाही त्याच्या खाटेशी विद्यार्थी वर्षभर थांबत नाहीत. त्यामुळे असाच रोगी परीक्षेला ठेवावा आणि निदानाबरोबर, यांची कोणती गोळी थांबवाल, आणि घरी जाऊन यांना सर्वांत आधी काय करायचे आहे, हे दोन प्रश्न विचारावेत, ही मागणी अवाजवी नाही. गुणांसाठी विचारपूस करणारा विद्यार्थी ढोंग शिकेल, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो हलका नाही. त्याला उत्तर महावग्गातील त्या प्रसंगाच्या पाठोपाठ येणाऱ्या यादीत आहे. शुश्रूषा करण्यास योग्य माणसाचे पाच गुण तिथे सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, काय हितकर आणि काय अहितकर ते ओळखणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न येणे, आणि वेळोवेळी चांगल्या बोलण्याने रोग्याचे मन प्रसन्न करता येणे. मैत्रीचा भाव या यादीत तिसरा आहे. त्याच्या आधी कौशल्य आणि ज्ञान आहे, त्याच्या नंतर अंगमेहनत आणि वाणी आहे. पाचांपैकी चार शिकवता येतात, करवून घेता येतात आणि तपासताही येतात. तिसऱ्याची परीक्षा घेता येत नाही, पण त्याला दोन्ही बाजूंनी वेढणारे चार गुण ज्याच्या हाताला रोज लावले जातात, त्याच्या ठिकाणी तो उगवण्याची शक्यता नुसत्या उपदेशाने वाढते त्याहून कितीतरी अधिक वाढते, आणि महाविद्यालयाच्या हाती जेवढे आहे तेवढे हेच आहे.